रेडिओचे पुढचे दोन दात

बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या बाईला सगळा डेपो रेडिओ म्हणायचा. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला माहीत होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता. माईकवरून गाड्या पुकारायचं काम तिचंच, आणि माईक बंद झाला तरी तिचं तोंड बंद होत नसे. खिडकीशी आलेल्याला गाडी कधी सुटते एवढंच हवं असायचं. ही त्याला कोणत्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही, मधल्या थांब्यावर पाणी कुठे चांगलं मिळतं आणि तिथला नळ कसा डावीकडे फिरवावा लागतो, इथपर्यंत सगळं सांगून मोकळी व्हायची. मागची रांग कुरकुरली की म्हणायची, "अहो, गाडी काय पळून जातेय? ती मीच सोडणार आहे!"

अशा बाईचं लग्न झालं ते ठार बहिऱ्या माणसाशी. लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी आपापली जीभ मोकळी सोडून घेतली. "हिची बडबड सोसायला देवानं माणूस बरोबर निवडलाय," असं तिचे सख्खे मामाच म्हणाले होते. नवरा सुतार. लहानपणी तापात कान गेले ते गेलेच. शाळा दुसरीत सुटली. आकडे आणि मापं त्याला पक्की येत, पण अक्षरांशी कधी सूत जमलं नाही. बोलायचा, पण आवाजाला चढउतार नव्हता. सगळे शब्द एकाच उंचीचे, रंधा मारून सपाट केल्यासारखे. नवख्या माणसाला ते कळायला वेळ लागायचा. हातवारे करायला त्याच्या आईने बंदी घातली होती. "लोक मुका म्हणतील," हे तिचं कारण. म्हणून तो ओठ वाचायला शिकला. कुणी शिकवलं नाही, आपला आपणच.

हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. तिचं बोलणं आयुष्यात पहिल्यांदा कुणी पुरतं ऐकलं असेल तर ते या बहिऱ्याने. माहेरी तिने तोंड उघडलं की वडील पेपर वर करायचे, भाऊ उठून जायचे. हा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. नजर हलवली तर वाक्य सुटेल, म्हणून हलवायचाच नाही. डेपोत काय झालं, कोणत्या ड्रायव्हरचं कुणाशी वाजलं, भाजी कशी निवडली, सगळं तिच्या ओठांवरून वेचून घ्यायचा आणि मधूनच आपल्या सपाट आवाजात एखादा असा शब्द टाकायचा की ती पोट धरून हसायची. जाऊबाई एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्या ह्यांनी वीस वर्षांत माझ्या तोंडाकडे एवढं बघितलं नसेल, जेवढं मिस्त्री तुझ्याकडे एका जेवणात बघतात. नशीब काढलंस हो!" आणि ते खरंच होतं. तिने काढलं होतं नशीब.

एक मुलगी झाली. तीही बोलकी, पण आईसारखी मोकाट नाही. बापाशी बोलायचं तर समोर उभं राहून, उजेडात, हे ती चालायला लागायच्या आधी शिकली असावी. मोठी झाली, परिचारिकेचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या गावी गेली.

त्याची शेड घराच्या मागेच होती. त्याला मागून हाक मारायची नाही, हा घरातला पहिला नियम. खांद्याला हात लावायचा, नाहीतर दारातल्या बटणाने दिव्याची दोनदा उघडझाप करायची. संसाराच्या सगळ्या वर्षांत तिने हा नियम मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला, कारण ती आनंदात होती. मुलीचा फोन आला होता. तिला मोठ्या इस्पितळात नोकरी लागली होती. ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघरातून जी निघाली ती धावतच शेडकडे, तोंडाने "अहो! अहो, ऐकलंत का!" असं ओरडत.

त्याच्या खांद्यावर सागाची लांब फळी होती. फळी दारातून बाहेर काढायची म्हणून तो वळला. बायको फळीच्या टोकाशी पोहोचायला आणि टोक फिरायला एकच गाठ पडली.

तिला आवाज आठवायचा. दुखणं नंतर आलं, आधी आवाज, आपल्याच डोक्याच्या आत काहीतरी मोडल्याचा. त्याला तोही आला नाही. फळी कशाला तरी अडली एवढंच त्याला खांद्यावर जाणवलं, म्हणून त्याने मान वळवली.

वरचा ओठ आरपार फाटला होता. पुढच्या दोन दातांपैकी एक अर्धा तुटून पडला होता, दुसरा जागच्या जागी लोंबत होता. इस्पितळात ओठाला आतून-बाहेरून टाके घातले. तो दाराशी उभा होता, शर्टावर तिचं रक्त. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुमची चूक नाही." पण ओठावर कापसाचा बोळा होता आणि बोळ्यावर नर्सचा हात. त्याला काय कळणार? त्याने खाली बघितलं. पुढे जे काही झालं, त्याची सुरुवात तिथे होती असं तिला नंतर वाटायचं.

दातांची डॉक्टर तरुण होती, मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. तिने हलणारा दात शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला आणि म्हणाली, "काकू, हा धरेल. तुटलेल्याची नस उघडी पडलीय, त्याचं रूट कॅनाल करावं लागेल. मग दोन्हीचं काय ते बघू." धरला खरा. पण थोड्याच आठवड्यांत तो राखाडी पडायला लागला. डॉक्टरने त्याच्यावर गार कापूस टेकवला. काही जाणवलं नाही.

"मेलाय," डॉक्टर म्हणाली. "याचंही रूट कॅनाल करू आणि दोन्हींवर कॅप बसवू. दिसणार नाही कुणाला, बघाल तुम्ही."

हे सगळं चालू असताना तिचा हात तोंडावर गेला तो तिथेच राहिला. तिने ठरवून नेलेला नव्हता. आरशात एकदाच बघितलं. सुजलेला ओठ, टाक्यांची काळी शिवण, मधे अर्ध्या दाताचं तिरपं टोक आणि शेजारी तो मेलेला. तेव्हापासून कुणीही समोर आलं की हात आपोआप वर जायचा. डेपोत तिला माईकवरून काढून पार्सलच्या खोलीत बसवलं, कारण "सव्वादोन" म्हणताना हवाच जास्त निघायची. तिथे ती मास्क लावून बसे. घरी मास्क नव्हता, हात होता.

ती त्याच्याशी बोलायची नाही असं नाही, बोलायची. सवयच होती. "मीच मूर्ख, मागून ओरडत आले, तुम्हाला कसं कळणार," हे तिने त्याला किती वेळा सांगितलं असेल त्याचा हिशेब नाही. पण प्रत्येक वेळी ते तळहाताच्या आतच राहिलं. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात यायचं, की यातलं त्याच्यापर्यंत काहीच गेलं नाही. हात काढायला जावं तर आरशातलं तोंड आठवायचं. आज नको, सूज उतरू दे. आज नको, टाके निघू देत. आज नको, एकदा दात बसू देत, मग सगळं सांगेन. अशा 'आज नको'त महिने गेले.

एकदोनदा तिने हात काढलासुद्धा. तेव्हा तो बघत नव्हता. तिच्या तोंडाकडे बघायचं म्हणजे त्याला आपण केलेलं बघावं लागायचं. पूर्वी जेवताना त्याचे डोळे ताटातून वर असायचे, आता ताटातच. काय हवं नको ते बोटाने दाखवायचा, आईने बंदी घातलेल्या त्याच हातांनी. मग शेडमध्ये जायचा. रात्री ते दोघं कोपऱ्यात एक बारीक दिवा ठेवायचे, झोपेपर्यंतच्या गप्पांसाठी. अंधारात दोघांच्या मधे काहीच उरत नसे म्हणून. एके दिवशी त्यातला बल्ब गेला आणि कुणीच नवा आणला नाही.

एकदा तो तिच्याबरोबर दवाखान्यात आला. डॉक्टर मास्कमधूनच बोलत होती आणि तो तिच्या डोळ्यांकडे बघत नुसता उभा होता. रेडिओ खुर्चीवर आ वासून पडलेली, दातावर रबराचा पडदा ताणलेला. तिने बोटाने डॉक्टरच्या मास्ककडे आणि मग त्याच्याकडे खूण केली. डॉक्टरला कळलं. तिने मास्क खाली ओढला, त्याच्यासमोर गेली आणि सावकाश सांगितलं, "तुटलेल्या दाताच्या मुळातली नस काढली, पोकळी भरली. वर दात थोडाच उरलाय. म्हणून मुळात एक दांडी बसवायची, तिच्यावर बांधून घ्यायचं, आणि मग कॅप."

"खुंटी," तो म्हणाला.

"बरोबर, खुंटीच!" डॉक्टर हसली. त्याच्याही चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. पण मग मशीन सुरू झालं. आवाज त्याला नव्हता, पण तिच्या खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या त्याच्या तळव्याला त्याची थरथर लागली असावी. लाकूड घासताना लागते तीच. त्याने हात काढून घेतला आणि बाहेर जाऊन बसला. पुन्हा आला नाही.

दोन्ही दात चहूबाजूंनी घासून बारीक केले, तेव्हा जिभेला ते लहान मुलाच्या दातांसारखे लागले. माप घेतलं. रंगांची पट्टी तोंडाशी धरून डॉक्टरने खिडकीच्या उजेडात बराच वेळ रंग जुळवला. "पांढरेशुभ्र नको हं," रेडिओने सांगितलं. "माझे होते तसेच कर. ह्यांना ओळखीचे वाटले पाहिजेत." मधल्या काळापुरत्या प्लॅस्टिकच्या कॅप मिळाल्या. त्यातली एक जेवताना सुटली आणि तिने गिळली. ती सांगण्यासारखी गोष्ट होती, पूर्वी अख्खं जेवण पुरली असती. तिने एकटीनेच हसून घेतलं.

शेवटी त्या बसल्या. डॉक्टरने चिकटवल्या, चावून बघायला सांगितलं, उरलेला मसाला खरवडून काढला आणि हातात आरसा दिला. रेडिओने बघितलं. खरंच कळत नव्हतं. एका दाताच्या कोपऱ्याला जुना किंचित पिवळेपणा होता, तोही त्या पोरीने उतरवला होता. रेडिओच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुढच्या दातांनी कडक काही तोडायचं नाही हं, काकू," डॉक्टर सांगत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. ती मनात वाक्यं जुळवत होती.

घरी गेली ती थेट शेडमध्ये. दिव्याची दोनदा उघडझाप केली. त्याने मान वर केली. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्यासमोर हात खाली सोडून उभी होती, खिडकीचा उजेड तोंडावर घेऊन.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "मी मागून हाक मारली. तुम्हाला ऐकू येत नाही, हे मीच विसरले. मला माफ करा."

तो बघत होता. नीट, पूर्वीसारखा. मग म्हणाला, "छान बसवलेत."

"दातांचं नाही बोलत मी. चूक माझी होती."

त्याच्या कपाळाला आठी पडली. तो जवळ आला. तिने तिसऱ्यांदा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सोडवून. त्याने मान हलवली.

"कळत नाही."

"अहो, असं काय करता?"

"तुझा ओठ वेगळा चालतो," तो म्हणाला. "दुसरंच कुणी बोलतंय."

ती दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात. दात थोडे लांब झालेत का, जाड झालेत का, घासून घे, काढून दुसरे बसव, काहीही कर. डॉक्टरने पुन्हा सगळं तपासलं, मग तिच्या वरच्या ओठाला आतून बोट लावून बघितलं.

"दातांचं काही नाही, काकू. हा ओठ. टाक्यांच्या जागी आत गाठ धरलीय, तो आखडलाय. या बाजूला तुम्हाला स्पर्शही कमी कळतो ना? म्हणून प, ब, म म्हणताना तो पुरता मिटत नाही. ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. तुमचा आवाज अगदी स्वच्छ आहे."

"ऐकणाऱ्याला," रेडिओ म्हणाली.

डॉक्टरच्या तेव्हा लक्षात आलं. मग तिने मालिश कशी करायची ते दाखवलं. "करून बघा. पण खरं सांगू? आता फार सुटेल असं मला वाटत नाही."

तिने केली मालिश. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर बसून पा-बा-मा म्हणायची. आणि त्यानेही कसर ठेवली नाही, हे सांगायला हवं. संध्याकाळी काम टाकून समोर येऊन बसायचा, शाळेतल्या पोरासारखा गुडघ्यांवर हात ठेवून. ती वाक्य म्हणायची, तो ओळखायचा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मामांना पडसं झालंय." तो म्हणाला, "आमच्याकडं कणसं झालीत?" दोघंही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला वाटलं, जमतंय, येईल हळूहळू. पण दर वेळी चुकणं काही विनोदी नसतं. पूर्वी तो अर्धं ओठांवरून घ्यायचा आणि अर्धं तिच्या ओळखीवरून भरून काढायचा. आता ओठांवरचं तुटकं यायचं आणि मधल्या महिन्यांत ओळखीचीही सवय मोडली होती. ती कशाबद्दल बोलत असेल याचा त्याला अंदाजच नसायचा. रात्री त्याचं डोकं दुखायचं. एका संध्याकाळी त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आज राहू दे." दुसऱ्या दिवशी तिने दिव्याची उघडझाप केली नाही. तोही आला नाही.

मुलगी सुट्टी घेऊन आली. येताच आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "आई, अगं किती सुंदर! कळतसुद्धा नाही." तिच्या येण्याने घरात बोलणं आलं. बापाशी तोंडभर बोलायची, त्याचं आईला सांगायची, आईचं त्याला. एका घरातली दोन माणसं मधे माणूस घालून बोलत होती आणि रेडिओला त्याचाही आनंद वाटला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मुलीला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबांना माझं एक सांगशील? मला त्यांना सांगताच येत नाही गं."

मुलीने ऐकून घेतलं. रडू आवरलं. मग शेडमध्ये बापासमोर उभी राहिली. आई तिच्या मागे दाराशी.

"बाबा, आई म्हणते, चूक तिची होती. ती मागून ओरडत आली. तुम्हाला ऐकू येणार नाही हे ती विसरली. म्हणते, मला माफ करा."

त्याने सगळं वाचलं. एकही शब्द सुटला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्याने हातातली पटाशी फिरवली.

"ती तसं म्हणत असणार, मला माहीत होतं," तो म्हणाला. मुलीकडे बघून, मागे नाही. "तिला सांग, माफ करायला काही नाही. पण फळी माझ्या खांद्यावर होती."

"बाबा, पण तुम्हाला कसं कळणार होतं?"

"मला मागचं कळत नाही, हे मला माहीत आहे ना?" तो म्हणाला. "मग वळायच्या आधी बघायला नको? जन्मभर बघत आलो. त्या दिवशी नाही बघितलं."

मुलगी आईकडे वळली. आईने मान हलवली. तिला ऐकू आलं होतं. तिच्याजवळ याला उत्तर होतं, चांगलं लांबलचक. ती बोलायलाही लागली, मुलीच्या खांद्यावरून, थेट त्याला उद्देशून. तो फळीवर पेन्सिलने रेघ मारायला वाकला होता.

सुट्टी संपली. दोघं मुलीला गाडीत बसवून द्यायला गेली. खिडकीतून तिने बापाला खाणाखुणांनी काहीतरी सांगितलं, तो हसला. गाडी गेली. माईकवरून पुकारणारी दुसरीच मुलगी होती, रेडिओच्या जागी आलेली.

परत येताना दोघं शेजारी-शेजारी चालत होती. एके काळी तो रस्त्याने अर्धं पाऊल पुढे आणि मान तिच्याकडे वळवून चालायचा, म्हणजे तिचं बोलणं सुटू नये. त्या नादात दिव्याच्या खांबांवर आपटायचा आणि ती म्हणायची, "अहो, पुढे बघा पुढे!" आज तो पुढेच बघत होता. कुठल्याही नवऱ्यासारखा. चढावर त्याने न मागता तिच्या हातातली पिशवी घेतली. त्याच्या बोटांचा स्पर्श तिला झाला. 

घरी आल्यावर तिने कुलूप काढलं. तो मागच्या दाराने शेडकडे गेला. थोड्या वेळाने रंध्याचा आवाज सुरू झाला, लांब, एकसारखा, न थांबणारा. तिने दोन माणसांपुरतं पीठ काढलं आणि मळायला बसली.